तुम्ही मूळचे कुठले? आफ्रिकन स्थलांतरितांच्या कादंबऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतून अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा फ्रान्समध्ये गेलेल्या माणसांवरच्या कादंबऱ्यांविषयी लिहायला लागल्यापासून वाचकांची पत्रे येत असतात आणि त्यांतले बरेचसे प्रश्न तेच ते असतात. ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, नंतरचे अडचणीचे. उत्तरांमधून काही कथानके उघड होतात; तेवढी सवलत वाचकांनी द्यावी.

१. या प्रकारात नेमकं काय येतं? आफ्रिकन लेखकाचं कुठलंही पुस्तक चालतं का?

चालत नाही. पात्राने देश सोडलेला असावा, परक्या मुलखात त्याला रोजचा दिवस काढावा लागत असावा आणि पुस्तकाचे मुख्य लक्ष त्या रोजच्या दिवसाकडे असावे, एवढी अट मी पाळतो. लेखनाची भाषा इंग्रजीच हवी असे नाही. फ्रेंचमध्ये या विषयावरचे मोठे काम झालेले आहे. 'आफ्रिकन' हा शब्द मात्र जपून वापरावा. वॉशिंग्टनमध्ये किराणा दुकान चालवणारा इथिओपियन आणि स्त्रासबूरमध्ये घरकाम करणारी सेनेगली बाई यांची भाषा, धर्म, खाणे यांत फारसे काही समान नाही. त्यांना एका शब्दात बांधते ते यजमान देशातल्या लोकांचे पाहणे, आणि या कादंबऱ्यांचा बराचसा ताण तिथेच आहे.

२. हे सगळं गेल्या पंधरा-वीस वर्षांतलंच आहे का?

नाही. चिनुआ अचेबे यांच्या 'नो लाँगर ॲट ईझ' (१९६०) या कादंबरीतला ओबी ओकोंक्वो गावकऱ्यांनी जमवलेल्या पैशांवर इंग्लंडला शिकून येतो आणि लागोसमध्ये सरकारी नोकरी करताना लाच घेतल्याबद्दल पकडला जातो. अशा विलायत पाहून आलेल्या माणसाला पश्चिम आफ्रिकेच्या बोलीभाषेत 'बीन-टू' म्हणत. त्या पिढीची कहाणी मुख्यतः परतण्याची होती. बुची एमेचेटा यांच्या 'सेकंड-क्लास सिटिझन'मध्ये (१९७४) लंडनला आलेली अडा भाड्याची खोली शोधत हिंडते आणि काळ्या लोकांना जागा नाही अशा पाट्या वाचते. येथे राहण्याचा प्रश्न पुढे येतो.

अमेरिकेपुरते सांगायचे तर कायद्यांनी बराच फरक पडला. १९६५च्या कायद्याने मूळ देशानुसार ठरवलेला जुना कोटा रद्द झाला, १९८०मध्ये निर्वासितांविषयीचा कायदा आला आणि १९९०च्या कायद्यातून सोडतीने मिळणारा 'डायव्हर्सिटी व्हिसा' निघाला. भारतीयांना त्या सोडतीत भाग घेता येत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला ही वाट सहसा माहीत नसते. घाना, कॅमेरून, इथिओपिया येथील घराघरांत मात्र ती माहीत असते. मग मुले तिकडेच वाढली, आणि त्यांच्यातल्या काहींनी २००५ ते २०२० या काळात कादंबऱ्या लिहिल्या.

३. 'अमेरिकाना' म्हणजे अमेरिकन बाई का?

चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या २०१३च्या कादंबरीचे हे नाव बऱ्याच जणांना तसे वाटते. नायजेरियात हा शब्द अमेरिकेहून परतलेल्या आणि तिथले उच्चार, तिथल्या तक्रारी बरोबर घेऊन आलेल्या माणसासाठी थट्टेने वापरतात. म्हणजे नायिका इफेमेलू अमेरिकेत असताना हे नाव तिला लागू होत नाही. ते लागू होते ती लागोसला परत आल्यावर. त्या परतण्याविषयी प्रश्न १० पाहावा.

४. देश सोडण्याची कारणं सगळ्यांची सारखीच असतात का? युद्ध, दुष्काळ वगैरे?

हा समज घेऊन पुस्तक उघडले तर अर्धे पुस्तक चुकते. नोव्हायोलेट बुलावायो यांच्या 'वी नीड न्यू नेम्स'मधली (२०१३) डार्लिंग ही झिंबाब्वेतल्या झोपडवस्तीत राहते, श्रीमंतांच्या वस्तीतले पेरू चोरून पोट भरते आणि मावशीकडे डेट्रॉइटला जाते. तिथे भूक खरीच आहे. दिनाव मेंगेस्तू यांच्या पहिल्या कादंबरीतला सेफा इथिओपियातल्या 'लाल दहशती'च्या, म्हणजे लष्करी राजवटीने चालवलेल्या विरोधकांच्या कत्तलीच्या, काळात वडील गमावून पळालेला आहे. त्याचे दोन मित्र, एक केनियाचा आणि एक काँगोचा, त्याच्या वॉशिंग्टनमधल्या किराणा दुकानात येऊन बसतात आणि तिघे एक खेळ खेळतात: एकाने आफ्रिकेतल्या एखाद्या हुकूमशहाचे नाव घ्यायचे, दुसऱ्यांनी देश आणि सत्ता बळकावल्याचे साल सांगायचे. वर्षानुवर्षे खेळूनही नावे संपत नाहीत.

इफेमेलू आणि तिचा प्रियकर ओबिन्झे यांच्या घरी मात्र उपासमार नाही. विद्यापीठातले संप संपत नाहीत, पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून ती जातात. युद्धातून पळालेल्याची इंग्रज माणसाला दया येते, पण पोटभर जेवणाऱ्याने केवळ घुसमटीपायी घर सोडावे हे त्याच्या पचनी पडत नाही, असे लंडनमधल्या एका जेवणावळीत ओबिन्झेच्या मनात येते. इंजिनिअरिंगनंतर परदेशी निघालेल्या मराठी मुलाला कुणी कारण विचारीत नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

५. 'नायजेरियात मी काळी नव्हते, अमेरिकेत काळी झाले' असं म्हणतात, ते मला कळत नाही. रंग तर तोच ना?

सर्वाधिक पत्रे या प्रश्नाची असतात आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली येथेच आहे. नायजेरियात माणूस इग्बो असतो, योरुबा असतो, ख्रिस्ती किंवा मुसलमान असतो, अमक्या गावचा असतो. 'तुम्ही मूळचे कुठले' या आपल्याकडच्या प्रश्नाला जशी गाव, आडनाव, पाहुणेपै अशी उत्तरे असतात, तशीच तिथेही असतात. जिथे सगळेच काळे तिथे काळेपणाने कुणाची ओळख पटत नाही. विमानातून उतरल्यावर मात्र गुलामगिरी, विभक्त शाळा आणि नागरी हक्कांचा लढा यांचा सारा अमेरिकन हिशोब त्याच्या खात्यावर मांडला जातो, आणि त्या हिशोबातली एकही नोंद त्याच्या आजोबा-पणजोबांनी केलेली नसते. इफेमेलू अमेरिकेतल्या वंशभेदावर ब्लॉग लिहू लागते ती याच अवस्थेतून, आणि आपण 'अमेरिकन नसलेली काळी' आहोत हे ब्लॉगच्या नावातच सांगून टाकते.

म्हणून 'दोन संस्कृतींमध्ये अडकलेला माणूस' हे परीक्षणांतले आवडते वाक्य मला अपुरे वाटते. मोजणी चुकते. सोडलेला देश ही एक बाजू, गोऱ्यांची अमेरिका ही दुसरी आणि काळ्या अमेरिकनांचे जग ही तिसरी. नवागताला त्या तिसऱ्या घरात न विचारता ढकललेले असते आणि तिथलेही त्याला पुरते आपले मानत नाहीत.

ही तिसरी बाजू सर्वांत बारकाईने दिसते टेजू कोल यांच्या 'ओपन सिटी'मध्ये (२०११). ज्यूलियस न्यूयॉर्कमध्ये मनोविकारतज्ज्ञ होण्याचे शिक्षण घेतो आहे. वडील नायजेरियन, आई जर्मन. एका रात्री तो आपल्याच विचारात टॅक्सीत बसतो आणि चालकाला साधा नमस्कारही करीत नाही. चालक दुखावतो: मीही तुझ्यासारखाच आफ्रिकन, मग हे वागणे कसले? ज्यूलियस माफी मागतो, पण आपल्यावर असा हक्क सांगितलेला त्याला रुचत नाही. पुढे टपाल कार्यालयातला एक काळा कर्मचारी त्याला भाऊ मानून स्वतःची कविता ऐकवतो, आणि यापुढे या टपाल कार्यालयात यायचे नाही अशी खूणगाठ ज्यूलियस मनाशी बांधतो. आपलेपणा मिळत नाही म्हणून तळमळणारी पात्रे पुष्कळ आहेत. समोरून आलेला आपलेपणा नको असलेला नायक विरळा, आणि तो वाचताना वाचक अस्वस्थ होतो.

६. इंग्रजी तर यांना शाळेपासून येतं. मग भाषेचा प्रश्न कुठे येतो?

येते म्हणूनच अपमान अधिक बोचतो. फिलाडेल्फियात नाव नोंदवायला गेलेल्या इफेमेलूशी खिडकीपलीकडची बाई एकेक शब्द सुटा करून बोलते. बाईला काही व्याधी असावी, असे इफेमेलूला क्षणभर वाटते. मग कळते की हे आपल्या परदेशी उच्चारांमुळे आहे. इंग्रजीतूनच शिकलेली ही मुलगी त्या दिवशी आक्रसते आणि अमेरिकन उच्चार घोटू लागते. पुढे कधीतरी फोनवर काही विकणारा एक तरुण, तुम्ही अगदी अमेरिकन वाटता, असे म्हणतो. ती आभार मानून फोन ठेवते आणि आपण आभार कशाचे मानले याची तिला लाज वाटते. त्यानंतर ती ते सोंग टाकून देते.

याची उलटी बाजू अब्दुलरझाक गुर्ना यांच्या 'बाय द सी'मध्ये (२००१) आहे. झांझिबारहून आलेला वृद्ध सालेह ओमार गॅटविक विमानतळावर आश्रय मागतो आणि इंग्रजी उत्तम येत असूनही येत नसल्याचे दाखवतो, कारण तिकीट विकणाऱ्याने तसा सल्ला दिलेला असतो. त्याच्या सामानात महोगनीची एक पेटी असते आणि पेटीत 'ऊद-अल-कमारी' हा उंची धूप. तपासणारा अधिकारी स्वतः रुमानियातून आलेल्या निर्वासितांचा मुलगा आहे. तो पेटी उघडतो, वास घेतो आणि शेवटी ठेवून घेतो. सालेह ओमारला त्याचे सगळे बोलणे कळत असते. हा धूप त्याला पूर्वी एका इराणी व्यापाऱ्याकडून मिळालेला, आणि तो व्यापारी मोसमी वाऱ्यांवर जहाजे हाकणाऱ्यांपैकी होता. हिंदुस्थान, इराणी आखात आणि पूर्व आफ्रिका यांना जोडणाऱ्या या वाऱ्यांना स्वाहिलीत 'मुसिमु' म्हणतात. आपला 'मोसम' आणि तो शब्द एकाच अरबी मुळाचे.

७. केसांवर एवढी पानं खर्च करायची गरज काय?

एका वाचकाने हे चिडून विचारले होते. उत्तर असे, की वेषांतर करता येते, उच्चार बदलता येतो, केस मात्र रोज सकाळी वाढलेले असतात. नोकरीच्या मुलाखतीआधी वेण्या सोडून केस सरळ करून घे, असा सल्ला इफेमेलूला मिळतो. ती रसायन लावून घेते, टाळू भाजते, खपल्या धरतात, नोकरी मिळते आणि मग केस गळू लागतात. शेवटी एक केनियन मैत्रीण ते कापून टाकते.

कादंबरीची सुरुवातही केसांनीच होते. प्रिन्स्टनमध्ये वेण्या घालणारे कुणी नाही, म्हणून इफेमेलू आगगाडीने ट्रेंटनला जाते. दुकान कोंदट आहे, वेण्यांना काही तास लागणार आहेत. वेण्या घालणारी आयशा सेनेगलची, मालकीण मालीची, दूरचित्रवाणीवर नायजेरियन सिनेमा. कृत्रिम केसांच्या रंगावरून आधी वाद होतो. आयशाचे दोन प्रियकर आहेत, दोघेही इग्बो. इग्बो पुरुष परक्या मुलीशी लग्न करू शकतात हे तू त्यांना समजाव, अशी गळ ती इफेमेलूला घालते. आयशाला कागद नाहीत, इफेमेलूकडे ते आहेत आणि वर प्रिन्स्टनची पाठ्यवृत्तीही आहे. एकाच खुर्चीच्या मागेपुढे असलेल्या दोन आफ्रिकन बायकांमधले हे अंतर पाहिले म्हणजे केसांवरची पाने फुकट गेली असे वाटत नाही.

८. नावं इतकी का बदलतात?

मुख्यतः कागदपत्रांमुळे. इफेमेलूला विद्यार्थी व्हिसावर हवे ते काम करता येत नाही, म्हणून ती दुसऱ्या बाईच्या ओळखपत्रावर नोकरी शोधते आणि मुलाखतीत एकदा स्वतःचेच नाव सांगून बसते. लंडनमध्ये ओबिन्झेही दुसऱ्याच्या नावावर राबतो. सालेह ओमारच्या पारपत्रावरचे नाव त्याच्या जुन्या वैऱ्याचे आहे, आणि योगायोग असा, की त्याच्याशी बोलायला बोलावण्याचा विचार होतो तो जाणकार नेमका त्या वैऱ्याचा मुलगा निघतो. बुलावायो यांच्या कादंबरीत वेगळाच प्रकार येतो: व्हिसाची मुदत संपूनही राहिलेले आईबाप, आजीआजोबांची नावे बाजूला ठेवून मुलांना अमेरिकेत खपतील अशी नावे देतात. नातवंडाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडेही आहे, त्यामुळे ते प्रकरण समजावून सांगावे लागत नाही.

९. घरी पैसे पाठवणं, फोन करणं हे या पुस्तकांत का सतत येतं?

कारण नाते तिथेच जोखले जाते. फातू दियोम यांच्या २००३च्या फ्रेंच कादंबरीतली साली स्त्रासबूरमध्ये शिकता शिकता घरकाम करते. भाऊ मादिके सेनेगलच्या निओदिओर बेटावर असतो, इटलीच्या माल्दिनी या फुटबॉलपटूचा भक्त. २०००च्या युरो स्पर्धेतला इटलीचा उपांत्य सामना ऐन रंगात असताना गावातला दूरचित्रवाणी संच बिघडतो. सामना संपल्यावर मादिके बहिणीला फोन करून निकाल विचारतो; बहिणीने फोन उलटा करायचा, बिल तिचे. तिची तब्येत, तिची खोली, तिचे काम यांची चौकशी तो करीत नाही. तो संच ज्याच्या घरी आहे तो गृहस्थ पॅरिसला राहून आलेला. तिथे त्याने हालच काढले, पण गावात सांगताना सगळे सोन्याचे. साली खरे सांगते तेव्हा ती आपमतलबी ठरते.

१०. परत जाणं म्हणजे हार, की शहाणपण?

कादंबऱ्या याचे एक उत्तर देत नाहीत. ओबिन्झेला इंग्लंडमधून बेड्या घालून परत पाठवतात आणि तोच पुढे लागोसमध्ये धनाढ्य होतो. इफेमेलू तेरा वर्षांनी आपखुशीने परतते, आणि परतलेल्यांच्या मंडळात 'इथे अमुक पदार्थ धड मिळत नाही' या गप्पांत आपणही रमतो आहोत हे ध्यानात येताच वरमते. इम्बोलो म्बुए यांच्या 'बिहोल्ड द ड्रीमर्स'मध्ये (२०१६) कॅमेरूनच्या लिम्बे गावचा जेंडे, लीमन ब्रदर्समधल्या बड्या अधिकाऱ्याची गाडी चालवतो. २००८मध्ये ती बँक बुडते, जेंडेची नोकरी जाते, आश्रयाचा अर्ज रखडतो, आणि तो स्वतःहून परत जाण्याची परवानगी मागतो. बायको नेनीला अमेरिकेत औषधनिर्माणशास्त्र शिकायचे आहे. एकाच घरात एकासाठी जी सुटका ती दुसरीसाठी शिक्षा, हे मला या पुस्तकातले सर्वांत खरे वाटते. गाडीतले संवाद मात्र थोडे बेतलेले वाटतात.

११. तिथेच वाढलेल्या मुलांचं काय? ती तर पूर्ण अमेरिकन असतील.

इफेमेलू जिला आत्या म्हणते तिचा मुलगा, इफेमेलूच्या जवळजवळ धाकट्या भावासारखा वाढलेला डिके, हे या प्रश्नाचे कठोर उत्तर आहे. हसरा, सगळ्यांचा लाडका मुलगा एक दिवस जीव देऊ पाहतो. तू काळ्या अमेरिकनांसारखा नाहीस, असे आई त्याला बजावत आलेली असते. तो काय नाही हे सांगितलेस, तो काय आहे हे कधी सांगितले नाहीस, अशा अर्थाचे इफेमेलू तिला ऐकवते. लेखिका याआ जासी यांच्या 'ट्रान्सेंडंट किंगडम'मध्ये (२०२०) अलाबामातल्या घानियन घरातला मुलगा बास्केटबॉलमध्ये चमकतो, दुखापतीनंतरच्या वेदनाशामकांतून व्यसनाकडे वळतो आणि मरतो. वडील आधीच घानाला निघून गेलेले असतात. मागे उरलेली बहीण मेंदूविज्ञानात संशोधन करते.

१२. 'अफ्रोपोलिटन' हा शब्द वापरावा का?

जपून. ताइये सेलासी यांच्या २००५च्या लेखामुळे तो गाजला: लंडन, न्यूयॉर्क, अक्रा अशी अनेक शहरे आपली मानणारी, शिकलेली तरुण पिढी. बिन्यावांगा वाइनाइना यांच्यासारख्या लेखकांनी त्यावर टीका केली, आणि ती रास्त आहे. ट्रेंटनच्या आयशाला (प्रश्न ७) हा शब्द कसा लागू करणार? गंमत अशी, की सेलासी यांच्याच कादंबरीचे नाव, 'घाना मस्ट गो', अगदी उलट जगातून आलेले आहे. १९८३मध्ये नायजेरियाने घानाच्या लाखो लोकांना हाकलले तेव्हा त्यांनी चौकड्यांच्या स्वस्त प्लास्टिक पिशव्यांत संसार भरला, आणि त्या पिशव्यांना तेच नाव पडले. आपल्या एसटी स्थानकांवर दोरीने बांधलेल्या दिसतात तशाच त्या पिशव्या. आफ्रिकनाला परका ठरवून घालवून देणारे तेथे आफ्रिकनच होते, हे ध्यानात ठेवावे.

१३. टेजू कोल अमेरिकेत जन्मले, वासनजी भारतीय वंशाचे. मग हे आफ्रिकन स्थलांतरित कसे?

कोल यांचा जन्म मिशिगनचा, बालपण लागोसचे. कागदावर ते परदेशी नाहीत. अनुभवाने मात्र आलेले आहेत. एम. जी. वासनजी नैरोबीत जन्मले, दार-ए-सलाममध्ये वाढले आणि कॅनडात स्थायिक झाले. त्यांच्या 'नो न्यू लँड'मधले (१९९१) कुटुंब दार-ए-सलाम सोडून टोरांटोला येते. तिथे त्यांना कुणी आफ्रिकन समजत नाही, आणि टांझानियात ते पुरते आफ्रिकन मानले गेले नव्हते. मी दोघांनाही या प्रकारात धरतो. वंशाची अट घातली तर झांझिबारची कितीतरी घराणी बाद करावी लागतील आणि गुर्नाही (जन्म १९४८, नोबेल २०२१) हातचे जातील.

१४. आपल्याकडचे सिद्दी, मलिक अंबर यांचा याच्याशी संबंध जोडता येईल का?

या कादंबऱ्यांशी नाही. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबर, किंवा जंजिऱ्याचे सिद्दी, हा वेगळ्या काळाचा आणि वेगळ्या सक्तीचा इतिहास आहे. तो स्वतंत्रपणे वाचावा.

१५. अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या कथाही अशाच असतात ना?

आईच्या फोनची वेळ, सुटीत भारतात आल्यावर बाटलीबंद पाणी मागणारी मुले, इकडच्या नातेवाइकांच्या अपेक्षा, येथपर्यंत साम्य आहे. पुढे वाटा फुटतात. मराठी इंजिनिअरला तिकडे परका मानतील, पण प्रश्न ५मधला जुना हिशोब त्याच्या नावावर चढत नाही. रस्त्यात पोलिसांनी गाडी अडवली तर त्याला वाटणारी भीती सहसा दंडाची असते. शिवाय आपल्या बऱ्याच कथांत जाणारा माणूस नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे नाव-गाव शाबूत ठेवून गेलेला असतो.

१६. एकच पुस्तक वाचायचं असेल तर कुठलं?

वेळ कमी असेल तर अदिची यांच्या 'द थिंग अराउंड युअर नेक' (२००९) या संग्रहातली त्याच नावाची कथा. प्रश्न २मधल्या सोडतीतून अमेरिकेला गेलेल्या मुलीची ती गोष्ट आहे आणि सगळी 'तू'ला उद्देशून सांगितलेली आहे. कादंबरीच हवी असेल तर 'बाय द सी' आधी घ्यावी आणि पहिली चाळीसेक पाने घाई न करता वाचावीत. 'ओपन सिटी' दुसऱ्या खेपेला. 'अमेरिकाना' जाडजूड आहे, पण प्रवासातही वाचून होते.